बर्गंडी कालव्यावर नावेत राहतो, सासरची सहा माणसं येताहेत. कसं जमवावं?

कालवाकाठ
मंडळी, नमस्कार. मी आणि नवरा एप्रिल ते ऑक्टोबर फ्रान्समधल्या बर्गंडी कालव्यावर आमच्या नावेत राहतो आणि हिवाळ्यात ल्योंच्या फ्लॅटवर. नाव म्हणजे जुनी डच मालवाहू बार्ज, एकोणीस मीटर लांब. पूर्वी जिथे माल भरायचे तिथे आता घर आहे. दोन केबिन, बैठकीत सोफा-कम-बेड, एक संडास-न्हाणी, हजार लिटरची पाण्याची टाकी, छपरावर सोलर.

जूनमध्ये ठाण्याहून सासू-सासरे, नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं (वय ९ आणि १४) पंधरवड्यासाठी येताहेत. साबांच्या (सासूबाईंच्या) एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सासरे ७८ वर्षांचे आहेत आणि स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेत नाही.

बेत असा: सगळ्यांना तोनेरला रेल्वेतून उतरवायचं, ताँले, आंसी-ल-फ्राँ, माँबार करत व्हेनारे-ले-लोमपर्यंत जायचं आणि तिथून पॅरिसच्या गाडीत बसवायचं. पुढे पुयीच्या बोगद्यापर्यंत पन्नासच्या वर लॉक्स आहेत (लॉक म्हणजे कालव्यातला दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव चढवतात-उतरवतात), तिकडे पाहुणे घेऊन जाण्याचा प्रश्नच नाही.

माझं म्हणणं, पाहुण्यांना पहिल्याच दिवशी दोर हातात द्यावा. लॉक पार करणं हाच इथला दिवस आहे, त्यात भाग घेतला नाही तर बघायला फक्त झाडं उरतात. नवरा म्हणतो, आईबाबा जन्मभर राबले, पंधरा दिवस बसू देत खुर्चीत. तुम्हाला काय वाटतं? शिवाय आठ माणसं नावेतच झोपवावीत की काठावर खोली घ्यावी?

पहिलटकर
पहिला प्रतिसाद माझा! आठ माणसं आणि एक संडास. बाकीचं नंतर बोलू.

ओवी_२२
+१. सकाळी साडेसात ते साडेआठचं वेळापत्रक आत्ताच दाराला चिकटवा. विनोद नाही करत.

खडूस_काका
लोकांना पाणी नाही प्यायला आणि इथे नावेत पाहुणे कुठे झोपवू म्हणून धागे. चालू द्या.

कालवाकाठ
काका, ठाण्यात वन बीएचकेला जेवढे पडतात त्याहून बऱ्याच कमीत आमची नाव आली. शिवाय तळाला गंज किती ते दर काही वर्षांनी मोजून घ्यावं लागतं, तो ताप फ्लॅटला नसतो. या एकदा, चहा पाजते.

खडूस_काका
व्हिसा कोण काढून देणार?

रेवती_दिजोंकर
काकांनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. नातेवाइकांना घरी ठेवणार असाल तर यजमानाने मेरीतून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतून, 'आतेस्तासियाँ दाकय', म्हणजे पाहुणे आपल्याकडे राहणार असल्याचं प्रमाणपत्र, काढायचं असतं. त्याला फीचं सरकारी तिकीट (स्टँप) लागतं, घराचा पुरावा मागतात आणि जागा राहण्याजोगी आहे का तेही बघू शकतात. नाव आज इथे, उद्या तिथे, मग पुरावा कसला देणार? ल्योंच्या फ्लॅटवरून कागद काढा आणि तिकडची भटकंती प्रवासाच्या कार्यक्रमात लिहा. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच असलेला विमा शेंगेन व्हिसाला लागतोच. मेरीत भेटीची वेळ मिळायला वेळ लागतो, जूनचं काम मार्चमध्ये सुरू करा.

कालवाकाठ
धन्यवाद गं. ल्योंच्याच पत्त्यावर करतोय.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीतून निवृत्त. समुद्रातली माणसं कालव्याला हसतात, पण मी भाड्याची बोट घेऊन तिथे फिरलोय आणि हसणं बंद झालंय. सविस्तर लिहितो.

तुमच्या बेतात मला एक बदल हवाय: दिशा उलटी करा. तोनेरहून व्हेनारेकडे जाणं म्हणजे सतत चढ. चढत्या लॉकमध्ये नाव खाली विहिरीत शिरते, भिंत डोक्याच्या वर, दोर अडकवायचा खुंटा त्याच्याही वर. वरच्या दारातली झडप उघडली की पाणी उसळत समोरून येतं आणि नाव मागेपुढे हिसके खाते. दोर धरणाऱ्याला खरी मेहनत इथे पडते. उतरताना मामला उलटा. नाव भरलेल्या लॉकमध्ये शिरते, डेक आणि काठ जवळपास एका पातळीला. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला यापेक्षा सोयीची जागा नाही, सासूबाई काठीच्या आधाराने उतरतील, लॉककीपरच्या घरासमोरची फुलं बघतील. पाणीही हळू उतरतं.

उतरतानाचे दोन धोके मात्र पक्के लक्षात ठेवा. दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही. खुंट्याला एक वेढा घालून हातात धरायचा आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. बांधलात तर पाणी खाली जाईल आणि नाव दोराला लटकेल. दुसरं, मागच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. नावेची मागची बाजू त्यावर टेकली तर पुढचं टोक खाली जातं आणि नाव बुडू शकते. सुकाणूवर जो असेल त्याने गप्पा मारायच्या नाहीत.

दोर हाताला गुंडाळायचा नाही, भिंतीला पाय लावून नाव ढकलायची नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे दोनदा सांगा, जावईबापूंना चारदा.

मिष्किल_माधव
जावईबापूंना चारदा =)) अनुभवाचे बोल दिसतात.

शुभांगी_व
मी नवरोबांच्या बाजूने. सासूला दोर ओढायला लावणारी सून, हे वाक्य ठाण्यात कसं पोचेल याचा विचार केलायस का? तू प्रेमाने देशील, तिकडे मावससासवांच्या ग्रुपवर 'फ्रान्सला नेऊन कामाला लावलं' असं होईल.

अश्विन_बेसेल
शुभांगीताई, मला हे पटत नाही. आमचे आईबाबा आले होते तेव्हा आम्ही त्यांना काही करू दिलं नाही. चौथ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरातले डबे आवरायला लागले, आईने माझ्या बायकोची भांडी परत घासली. रिकाम्या माणसाला कामाची जागा दिली नाही तर तो तुमची जागा घेतो. कालव्यावर निदान कामं मजेची आहेत. तिथली बरीच लॉक्स अजून हाताने चालवतात, लॉककीपर स्कूटरवरून तुमच्यापुढे पुढच्या लॉकवर जातो आणि दाराची दांडी ढकलायला मदत केली तर खूश होतो. तुमचे सासरे त्या दांडीला पाठ लावून उभे राहिलेले मला आत्ताच दिसताहेत.

शुभांगी_व
७८ वर्षांचे सासरे लॉकचं दार ढकलताहेत हा फोटो ग्रुपवर गेला तर काय होईल ते मी वर लिहिलंच आहे.

कालवाकाठ
:) लॉककीपरकडून एक गोष्ट मिळते ती सांगते. उन्हाळ्यात बरेचदा कॉलेजची मुलं हे काम करतात. उद्या सकाळी किती वाजता निघणार ते त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं. सासऱ्यांना तेच खातं द्यायचं म्हणते. बँकेत ऑफिसर होते, वेळेचा भारी हट्ट. १२ ते १ लॉक बंद, सगळ्यांची जेवणाची सुट्टी. संध्याकाळी ७ ला सगळं बंद. हे वेळापत्रक सासऱ्यांसारख्या माणसासाठीच बनवलंय.

खादाडखाऊ
लॉक राहू द्या, जेवायला काय? कांदेपोहे होणार का?

कालवाकाठ
पोहे, साबुदाणा, गोडा मसाला साबा आणतीलच, थांबवून थांबणार नाहीत. डाळी इथे मिळतात. वाटाण्याची डाळ कोणत्याही दुकानात, ऑरगॅनिक दुकानात चण्याचं पीठही. गव्हाचं पीठ पाकिटावरच्या आकड्याने ओळखतात: टी ५५ म्हणजे पांढरं, टी १५० म्हणजे कोंड्यासकट. दोन्ही मिसळून पोळ्या बऱ्या होतात. खेड्यात अडचण वेगळी, दुकानं १२ ते २ बंद आणि बेकरी बहुतेक सोमवारी बंद. रविवारी दुपारनंतर पाहुण्यांना भूक लागून चालत नाही.

इलेक्ट्रिक_बाबू
वीज? मिक्सर, इस्त्री, गिझर, आठ मोबाइल?

कालवाकाठ
खेड्यातल्या धक्क्यावर कनेक्शन मिळतं ते कधी १६ अँपिअरचं, कधी फक्त ६ चं. ६ अँपिअर म्हणजे जेमतेम तेरा-चौदाशे वॅट. किटली एकटी दोन हजाराची, लावली की खटका पडतो. कधी कधी शेजारच्या नावेचाही. मग तो जर्मन आजोबा बाहेर येऊन आपल्याकडे बघत उभा राहतो. चहा गॅसवरच. चटणी वाटताना बाकी सगळं बंद.

इलेक्ट्रिक_बाबू
गॅस आहे तर गळती दाखवणारा अलार्म तळाशी बसवा, वर नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, नावेत खाली साचतो, त्याला बाहेर जायला वाट नसते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा. आणि साबा उदबत्ती लावणार असतील तर धुराच्या अलार्मपासून लांब.

ओवी_२२
उदबत्तीचा मुद्दा धाग्यातला सर्वोत्तम.

सिंहगड_रोड
अवांतर. आमच्या घराजवळून मुठा उजवा कालवा जातो. त्यावर नाव चालवायची तर आधी गाद्या, थर्माकोल आणि निर्माल्य बाजूला करावं लागेल. तुमच्याकडे लोक कालव्याच्या काठाला राहायला पैसे देतात, आमच्याकडे फ्लॅटच्या जाहिरातीत कालवा लपवतात.

दर्यावर्दी
आपले कालवे शेतीसाठी, त्यांचे मालवाहतुकीसाठी खणलेले. १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने लॉकचं एकच माप ठरवलं, ३९ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद, त्या मापाच्या मालवाहू नावा देशभर फिरायच्या. पुढे रेल्वे आणि ट्रक आले, छोट्या कालव्यांवर माल संपला, पर्यटक उरले.

मिदी_प्रेमी
कुणीच कसं म्हणत नाही, पहिल्यांदा येणाऱ्याला कालवा दाखवायचा तर कनाल द्यु मिदी! पियेर-पॉल रिकेने बांधला, १६६६ ते १६८१, तुलूझपासून समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या तलावापर्यंत २४० किमी, १९९६ पासून जागतिक वारसा. अंडाकृती लॉक्स, बेझिएजवळ फोन्सेरानला एकापाठोपाठ पायऱ्यांसारखी लॉक्स. बर्गंडीत काय, गाई.

निव्हेर्ने_नाका
मिदीवर जुलै-ऑगस्टमध्ये भाड्याच्या बोटींची जत्रा असते. परवाना लागत नाही, तासाभराचं शिक्षण आणि सोडले पाण्यात. एका लॉकमध्ये चार बोटी, चौघांचेही दोर चुकीच्या खुंट्याला. शिवाय काठावरच्या प्लेन (चिनारासारख्या) झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ मध्ये सापडला. तेव्हापासून हजारो झाडं तोडली, नवी लावताहेत, पण सावलीला वेळ लागणार.

माझं मत निव्हेर्ने कालव्याला. १७४ किमी, ओक्सेर ते देसीझ. सार्दीला सोळा लॉक्सची माळ, पुढे ला कोलाँसेलचे बोगदे, दोन्ही बाजूंना वेलींनी झाकलेली खोल खिंड. क्लाम्सीला थांबा. मोर्वाँच्या जंगलातलं लाकूड नदीत सोडून, तराफे बांधून पॅरिसपर्यंत नेत, शहराची चूल त्यावर पेटायची.

मिदी_प्रेमी
जत्रा आहे कारण सुंदर आहे. तुमच्या खिंडीत पाऊस पडतो.

निव्हेर्ने_नाका
पाऊस पडतो म्हणून कालव्यात पाणी असतं.

संपादक_मंडळ
कोणता कालवा श्रेष्ठ यावर वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे प्रश्न पाहुण्यांचा आहे.

रेवती_दिजोंकर
पाण्यावरून आठवलं. बर्गंडी कालवा माथ्यावरच्या तलावांच्या पाण्यावर चालतो. २४२ किमी, १८९ लॉक्स, नाव सोडायची म्हणजे प्रत्येक लॉकमधून भरपूर पाणी खाली जाणार. २०२२ च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे बरेच कालवे मध्येच बंद केले होते. जूनच्या सुरुवातीला सहसा ठीक असतं, पण व्हीएनएफच्या (फ्रान्सच्या जलमार्ग खात्याच्या) सूचना बघत राहा. 'अमुक तारखेला अमुक गावी' असं सासरच्यांना लिहून देऊ नका. तारीख सांगा किंवा गाव सांगा.

कालवाकाठ
हे मात्र खरं. इथले जुने नाववाले हेच सांगतात. नशिबाने पॅरिस-दिजों रेल्वे कालव्याला जवळजवळ चिकटून जाते. तोनेर, माँबार, लोम, तिन्हीकडे स्टेशन आहे. माँबारला काही टीजीव्हीही (वेगवान गाड्या) थांबतात. नाव कुठेही अडकली तरी माणसं गाडीला वेळेवर पोचतील.

इतिहासवेडा
लोमला उतरणार असाल तर सासऱ्यांना अलेसिया दाखवल्याशिवाय सोडू नका. इ.स.पू. ५२. गॉल लोकांचा (तेव्हाच्या फ्रान्समधल्या लोकांचा) सेनानी व्हेर्सिंगेटोरिक्स टेकडीवर अडकला, रोमन सेनापती सीझरने बाहेरून वेढा घातला. मग मदतीला गॉलांची फौज येणार हे कळल्यावर स्वतःच्या पाठीमागे दुसरा वेढा बांधला, तोंड बाहेरच्या बाजूला. वेढा घालणारा स्वतःच वेढ्यात, आणि तरी जिंकला. टेकडीवर १८६५ चा पुतळा आहे, तिसऱ्या नेपोलियनने उभारला. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांवर पाय झिजवलेल्या माणसाला समोरचं मैदान बघून सगळं कळेल, गाइड लागणार नाही.

खादाडखाऊ
तिथूनच जवळ फ्लाविन्यी गाव आहे. बडीशेपेचा एकेक दाणा, त्याच्याभोवती साखरेचे थर चढवत वाटाण्याएवढी गोळी करतात. जुन्या मठाच्या इमारतीत कारखाना. साबांना द्या, जेवणानंतर पानाऐवजी. ठाण्याला न्यायलाही बरं, चीजसारखा वास मारत नाही.

अश्विन_बेसेल
एपवास चीज विमानात नेणाऱ्या पाहुण्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. विमान कंपनीचं नाव घेत नाही.

नववीतली_आई
१४ वर्षांच्या मुलाचं कुणी काही बोललंच नाही. ताशी ६ किमी वेगाने जाणारी नाव आणि रेंज नाही. दुसऱ्या दिवशी बंड होईल.

निव्हेर्ने_नाका
दोन सायकली. काठाने जुना ओढीचा रस्ता आहे, नाव माणसं आणि घोडे ओढत तेव्हाचा, आता सायकलवाट. पोरगा नावेच्या पुढे जाईल, लॉककीपरला वर्दी देईल, पाव आणेल. ओलांडून पुढे जायचा हक्क मिळाला की वेगाची तक्रार संपते. ९ वर्षांचीला डेकवर लाइफ जॅकेट कायम, वाद नाही. कालव्यात पोहायला बंदी आहे हेही आधीच सांगा.

पहिलटकर
संडासाचं कुणी बोलत नाहीये म्हणून पुन्हा आलो.

कालवाकाठ
बोलते. नावेच्या संडासात पोटातून आलेलं आणि थोडा कागद, याशिवाय काही टाकायचं नाही. ओले टिश्यू तर अजिबात नाहीत, पंप बंद पडतो आणि मग नवऱ्याला हातमोजे घालावे लागतात. हे घरच्या माणसांना सांगणं पाहुण्यांना सांगण्यापेक्षा अवघड आहे.

पाण्याचं मात्र साबांवर सोपवलंय. शॉवरखाली माणशी चाळीस-पन्नास लिटर सहज जातात. आठ जणांनी असं केलं तर टाकी अडीच दिवसांत खाली. साबा बादली-तांब्याने एका बादलीत डोक्यावरूनही न्हातात. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, 'मग तांब्या आणू का?' आणा म्हटलं. स्टीलचा.

शुभांगी_व
साबा मला आवडायला लागल्यात.

दर्यावर्दी
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. झोपायचं कुठे? माझं मत, सगळे नावेत नकोत. नावेतली जागा दिवसा पुरते, रात्री पुरत नाही. पंप वाजतो, कुणी उठलं की नाव हलते. अरुंद खड्या जिन्यावरून रात्री दोनदा खाली-वर, तेही त्या गुडघ्याने, यात शहाणपणा नाही.

शुभांगी_व
एवढ्या लांबून आले आणि मुलाच्या घरी झोपायचं नाही? साबा बोलणार नाहीत, पण लागेल.

अश्विन_बेसेल
मग साबा-साबुंना नावेत ठेवा आणि तरुण मंडळींना बाहेर. गुडघ्यासाठी जिन्याला दुसरा कठडा लावून घ्या आणि त्यांना संडासाला लागून असलेली केबिन द्या. नणंदेच्या कुटुंबाला काठावर भाड्याची खोली. मुलांना ती सहल वाटेल, आणि नणदेलाही दोन रात्री सासू-सुनेच्या मधे न झोपता मिळतील.

कालवाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही दोघं नकाशा घेऊन बसलो, हे ठरलं:

उलट दिशा. व्हेनारेहून निघायचं, अलेसिया आणि फ्लाविन्यी आधी, मग माँबार, जवळच फोंतनेचा १११८ सालचा मठ, आणि उताराने तोनेरकडे. नाव मेअखेर व्हेनारेला चढवून ठेवू, तो चढ आमचा आम्ही घेऊ. सासू-सासरे नावेत, मोठी केबिन त्यांची, जिन्याला कठडा नवरा या आठवड्यात बसवतोय. नणंद-नणदोई आणि मुलं पहिले तीन दिवस व्हेनारेला काठावरच्या खोलीत, नंतर मुलगा डेकवर तंबूत झोपायचं म्हणतोय, बघू. दोराच्या वादात नवरा अर्धा हरलाय: पहिले दोन दिवस कुणालाही काम नाही, तिसऱ्या दिवसापासून ज्याला हवं त्याने मागावं. माझा अंदाज, सासरे पहिल्याच लॉकला मागतील.

शुभांगी_व
मागून घेतलेलं काम ग्रुपवर चालतं. मान्य.

मिष्किल_माधव
नणदोईंना दोराबद्दल चारदा सांगितलं का?

कालवाकाठ
त्यांना हा धागाच पाठवलाय. वाचून विचारलं, 'दर्यावर्दी आपल्या ओळखीतले आहेत का?'

खडूस_काका
कुकर पाच लिटरचा ठेवा. आठ जणांना तीनचा पुरत नाही आणि दोनदा लावला तर गॅस जातो. आणि शिट्टीचं शेजारच्या जर्मनाला आधी सांगून ठेवा.

कालवाकाठ
काका, पाचचाच आहे. जर्मनाला वरण-भात आवडतो, त्याची काळजी नको.